रायफलचा पहिला स्कोप: दर्जा, वॉरंटी आणि बजेट यांचा मेळ कसा घालावा

रायफलवरच्या स्कोपकडून दोन कामं पक्की व्हायला हवीत. एकदा झीरो केला, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी लागायची जागा जुळवली, की तो तिथेच राहिला पाहिजे, आणि टरेट, म्हणजे नेम सरकवायची वरची किंवा बाजूची फिरकी, जितका फिरवला तितकाच नेम सरकला पाहिजे. काचेची चमक, झूमचा आवाका, उजळणारं रेटिकल (आत दिसणारा नेमाचा काटा) हे सगळं या दोन कामांनंतर येतं. नवीन माणूस खरेदीला निघतो तेव्हा क्रम नेमका उलटा होतो. काच डोळ्यांना दिसते, झूमचा आकडा खोक्यावर छापलेला असतो आणि आतली यंत्रणा कुठेच दिसत नाही. त्यात ‘आजीवन वॉरंटी’ हे शब्द वाचले की उरलीसुरली शंकाही मिटते. पहिला स्कोप घेताना कोणता प्रश्न आधी विचारायचा, कोणता नंतर, आणि पैसे कुठे वाचवायचे, हे इथे पायरीपायरीने पाहू.

खरेदीच्या आधी एक खात्री करून घ्या. तुमच्या रायफलवर स्कोप लावायला तुमच्याकडच्या कायद्याची आणि तुम्ही ज्या स्पर्धेत उतरणार तिच्या नियमांची परवानगी आहे का? आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) 10 मीटर एअर रायफल आणि 50 मीटर रायफल स्पर्धांमध्ये भिंगांचा स्कोप चालत नाही, तिथे छिद्रातून पाहायची डायॉप्टर साइट लागते. उलट फील्ड टार्गेट (मोकळ्या जागेत वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्यं), बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून नेमबाजी) आणि लांब पल्ल्याच्या अचूकतेच्या स्पर्धा स्कोपवरच चालतात. ऑलिंपिकच्या वाटेने जायचं ठरवलेल्या मुलासाठी घरच्यांनी हौसेने स्कोप घेऊन ठेवला, तर तो तसाच पडून राहतो.

पायरी 1: अंतर आणि वापर कागदावर लिहा

‘सगळ्यासाठी चालेल असा’ स्कोप शोधायला निघालात की पैसे हमखास वाया जातात. कागदावर तीन ओळी लिहा: किती अंतरावर मारणार, किती मोठं लक्ष्य, आणि कोणत्या रायफलवरून. या तीन उत्तरांतच निम्मी निवड होऊन जाते.

एअर रायफल 10 ते 50 मीटरवर वापरणार असाल तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट झूम नाही, जवळचं पॅरॅलॅक्स जुळवता येणं ही आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. पॉइंट 22 रिमफायर (काडतुसाच्या कडेवर ठोका बसणारी हलकी रायफल) आणि 50 ते 100 मीटर असा वापर असेल तर 3-9 किंवा 4-12 पट भरपूर होतात. 100 ते 300 मीटरवर कागदी टार्गेटचा सराव करणाऱ्याला 4-16 सारखा स्कोप पुरतो. 600 मीटरच्या पुढे जाणाऱ्यांना 5-25 सारखे आवाके उपयोगी पडतात, पण तिथे पहिल्या स्कोपने सुरुवात करणारे थोडेच.

मोठा झूम म्हणजे जास्त अचूकता, हा समज नवख्यांमध्ये फार पक्का असतो. झूम वाढवला की दिसणारा भाग आक्रसतो, चित्र काळवंडतं, हाताचं आणि श्वासाचं हलणंही त्याच पटीत मोठं दिसतं. उन्हाने तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, तेव्हा 20 पटीवर टार्गेट पाण्याखाली असल्यासारखं डुलतं आणि तीच रायफल 10 पटीवर शांत वाटते. मोठ्या झूमचे स्कोप वापरणारे अनुभवी नेमबाजसुद्धा बराच वेळ मधल्या आकड्यांवर असतात.

पायरी 2: खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

स्कोपचं नाव ‘3-9x40’ असं असतं. 3 ते 9 पट झूम आणि पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर. व्यासाला झूमने भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास मिळतो. याच स्कोपवर 9 पटीला तो सुमारे 4.4 मिलिमीटर आणि 4 पटीला 10 मिलिमीटर भरतो. माणसाची बाहुली उन्हात 2 ते 3 मिलिमीटर असते, अंधारात तरुणपणी जेमतेम 7 मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वय वाढेल तशी कमी. म्हणजे दिवसा रेंजवर नेम धरणाऱ्याला 56 मिलिमीटरच्या भिंगाचा उजेडासाठी फारसा उपयोग नाही. वजन मात्र वाढतं, रिंगा उंच घ्याव्या लागतात, आणि गाल स्टॉकवर नीट टेकेनासा होतो. त्याच वेळी 6-24x50 हा स्कोप 24 पटीला फक्त 2.1 मिलिमीटरचा झोत देतो. ढगाळ सकाळी चित्र मंद का दिसतं, ते या भागाकारातूनच कळतं.

स्कोपच्या नळीचा व्यास हा पुढचा आकडा: 1 इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, नाहीतर 30 किंवा 34 मिलिमीटर. जाड नळीतून उजेड जास्त येतो असं दुकानात ऐकायला मिळेल, ते बरोबर नाही. जाड नळीत आतल्या यंत्रणेला सरकायला जागा जास्त मिळते, म्हणून टरेटची एकूण फिरत वाढते, आणि नळी मजबूतही होते. 100 मीटरवर सराव करणाऱ्याला 1 इंचात काहीही कमी पडत नाही.

झूमचं गुणोत्तरही पाहा. 3-9 मध्ये मोठा आकडा लहान आकड्याच्या 3 पट आहे, 4-16 मध्ये 4 पट, 3-24 मध्ये 8 पट. हे गुणोत्तर वाढलं की भिंगांची रचना अवघड होत जाते आणि ती नीट जमवायला पैसा लागतो. सारख्याच किमतीला 3-9 आणि 4-24 असे दोन स्कोप समोर आले, तर दुसऱ्यात कुठेतरी काटछाट झालेली असणार: कडांवरची स्पष्टता, डोळा ठेवायची मोकळीक किंवा यंत्रणा. मर्यादित बजेटमध्ये कमी गुणोत्तराचा स्कोप घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

पायरी 3: पॅरॅलॅक्स समजून घ्या

या एका बाबतीत नवखे लोक सर्वाधिक फसतात, म्हणून इथे थोडं थांबू. स्कोपमध्ये टार्गेटची प्रतिमा आणि रेटिकल एकाच प्रतलात असतील, तर डोळा थोडा डावी-उजवीकडे हलला तरी काटा टार्गेटवरून सरकत नाही. प्रतल वेगळं पडलं की डोळ्यासोबत काटाही सरकतो, यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. साध्या स्कोपमध्ये कारखान्यातच एका ठरावीक अंतराला हे जुळवून ठेवलेलं असतं. सेंटरफायरसाठीच्या (काडतुसाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या, जास्त ताकदीच्या रायफलींसाठीच्या) स्कोपमध्ये बहुधा 100 यार्ड किंवा 100 मीटर, रिमफायरसाठीच्या स्कोपमध्ये बहुधा 50 यार्ड.

यातून येणाऱ्या चुकीचा अंदाज काढता येतो. भिंगाच्या व्यासाचा निम्मा भाग घ्या. टार्गेटचं अंतर आणि जुळवलेलं अंतर यांतल्या फरकाला जुळवलेल्या अंतराने भागा, आणि त्या उत्तराने निम्म्या व्यासाला गुणा. 40 मिलिमीटर भिंगाचा, 100 मीटरला जुळवलेला स्कोप एअर रायफलवर लावून 10 मीटरवर मारलं, तर डोळा अगदी कडेला गेल्यावर नेम 18 मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो. 10 मीटरवर हे अंतर प्रचंड आहे. वर टार्गेट धूसर दिसतं ते वेगळंच. तोच स्कोप 200 मीटरवर जास्तीत जास्त 20 मिलिमीटर चुकवेल, जे त्या अंतरावर क्षुल्लक आहे.

म्हणून एअर रायफलसाठी 10 मीटर किंवा त्याहून जवळ जुळवता येणारा स्कोपच घ्या. जुळवणी पुढच्या भिंगाभोवतीच्या कड्याने होते, नाहीतर डाव्या बाजूच्या चक्रीने. चक्री सोयीची, कडं स्वस्त. कामाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. 100 मीटरच्या आसपासच राहणाऱ्याने मात्र ठरावीक पॅरॅलॅक्सचा स्कोप बिनधास्त घ्यावा. हलणारा एक भाग कमी, बिघडण्याची एक जागा कमी.

एअर रायफलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. स्प्रिंग पिस्टनच्या एअर रायफलला धक्का दोन्ही बाजूंनी बसतो, आधी मागे आणि लगेच पिस्टन थांबताना पुढे. साध्या बंदुकीचा धक्का सोसायला बनवलेले चांगले स्कोपही या उलट झटक्याने आतून ढिले होतात. ‘एअरगनसाठी योग्य’ हे निर्मात्याने स्वतः लिहिलेलं असलं पाहिजे, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पीसीपी, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलला धक्का जवळपास नसतोच, त्यामुळे तिथे ही अट नाही.

पायरी 4: टरेट आणि रेटिकल एकाच मापात घ्या

टरेटच्या क्लिक दोन मापांत येतात. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, 100 मीटरवर 29 मिलिमीटर. त्यातली पाव एमओएची क्लिक 100 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर सरकवते. मिल म्हणजे मिलिरेडियन, 100 मीटरवर 10 सेंटिमीटर, आणि 0.1 मिलची क्लिक बरोबर 1 सेंटिमीटर. मीटर-सेंटिमीटरमध्ये विचार करणाऱ्याला मिल सोपं जातं: गोळ्या 100 मीटरवर 6 सेंटिमीटर खाली लागताहेत तर 6 क्लिक वर, संपलं. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. रेटिकल आणि टरेट दोन्ही एकाच मापात हवेत, एवढंच पाळा. मिल-डॉट रेटिकल (मिलच्या अंतराने ठिपके असलेलं) आणि एमओएचे टरेट अशी जोडी काही स्वस्त स्कोपमध्ये अजून मिळते. ती घेतलीत तर प्रत्येक दुरुस्तीला 3.44 ने गुणत बसावं लागतं.

रेटिकल पहिल्या प्रतलातलं की दुसऱ्या, हा प्रश्न खूप चर्चिला जातो. पहिल्या प्रतलातलं रेटिकल झूमसोबत लहान-मोठं होतं, त्यामुळे त्यावरच्या खुणा प्रत्येक झूमला खऱ्या मापाच्या राहतात. दुसऱ्या प्रतलातलं कायम सारखंच दिसतं, पण खुणांचं माप एकाच झूमला बरोबर असतं, बहुतेक वेळा सर्वांत मोठ्या. झूम निम्म्यावर आणला की 1 मिलची खूण टार्गेटवर 2 मिल झाकते. ज्यांना खुणा वापरून वारा आणि गोळीचं खाली येणं धरायचं आहे, त्यांनी पहिलं प्रतल घ्यावं. जे ठरलेल्या अंतरावर मध्यबिंदूनेच नेम धरतात, त्यांच्यासाठी दुसरं प्रतल स्वस्त, आणि कमी झूमला काटा नीट दिसत असल्यामुळे जास्त सुखाचंही. साधा ड्युप्लेक्स काटा, म्हणजे बाहेर जाड आणि मध्याला बारीक रेषा, ल्यूपोल्ड कंपनीने 1962 मध्ये आणला आणि आजही पहिल्या स्कोपसाठी तो उत्तम आहे.

उजळणारं रेटिकल संधिप्रकाशात कामाचं, रेंजवर दिवसा बिनकामाचं. कमी बजेटमध्ये ते टाळा. बॅटरीचा कप्पा, तार आणि दिवा हे तीन जादा भाग, आणि वॉरंटीतही त्यांची मुदत बहुधा वेगळी धरलेली असते.

पायरी 5: काच कशी पारखायची

लेप न दिलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. स्कोपमध्ये अशी 12 पृष्ठं धरली तर आत आलेल्या उजेडातला जेमतेम 61 टक्के डोळ्यापर्यंत पोहोचतो. चांगल्या लेपाने प्रत्येक पृष्ठावरचा तोटा अर्ध्या टक्क्यावर आणला, की त्याच 12 पृष्ठांतून 94 टक्के प्रकाश बाहेर पडतो. 1935 मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधक लेप शोधला, तो म्हणूनच या धंद्यातला मोठा टप्पा. खोक्यावर ‘फुली मल्टी-कोटेड’ हे शब्द शोधा, त्यांचा अर्थ हवेला लागणाऱ्या सर्व पृष्ठांवर अनेक थरांचे लेप. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे कुठल्यातरी एका पृष्ठावर एक थर, इतकाच अर्थ निघू शकतो. ‘ईडी’ हा काचेचा खराखुरा प्रकार आहे, त्याने कडांवरची जांभळी-हिरवी किनार कमी होते. ‘एचडी’ला मात्र ठरलेलं कोणतंही मानक नाही, ते नाव कोणीही देऊ शकतं.

पारख दुकानाच्या दिव्याखाली होत नाही, तिथे सगळेच स्कोप छान दिसतात. विनंती करून सुटा स्कोप बाहेर न्या. सावलीतला मजकूर, पत्र्याची कड किंवा झाडाच्या फांदीमागचं उजळ आकाश पाहा. चित्राच्या मध्याइतकं कडेला स्पष्ट आहे का, फांदीभोवती रंगीत किनार किती, सूर्य बाजूला असताना चित्रावर पांढुरका पडदा येतो का? सूर्याकडे चुकूनही रोखू नका, डोळा कायमचा जाईल. मग झूम सर्वांत मोठ्यावर ठेवून डोकं थोडं पुढे-मागे करा. चित्र लगेच काळं पडत असेल तर त्या स्कोपमागे रोज मान अवघडेल. डोळा आणि मागचं भिंग यांत साधारण 85 ते 100 मिलिमीटर अंतर मिळायला हवं, जोरकस धक्क्याच्या रायफलीवर तर हवंच, नाहीतर मागची कड भुवईवर आपटते.

काचेबद्दल माझं स्पष्ट मत असं आहे: सर्वांत स्वस्त आणि मध्यम दर्जाच्या काचेत फरक मोठा असतो, मध्यम आणि सर्वोच्च दर्जात तो फक्त पहाटे, तिन्हीसांजेला आणि कडांवर जाणवतो. दिवसा कागदावर छिद्रं पाडणाऱ्याने मध्यम काच घ्यावी आणि उरलेला पैसा यंत्रणेवर घालावा.

पायरी 6: वॉरंटीचा मजकूर वाचा, नाव वाचून थांबू नका

वॉरंटी चांगली असणं म्हणजे स्कोप चांगला असणं नाही. मोडलेल्याच्या जागी नवीन द्यायला कंपनीला परवडतं, एवढंच त्यातून कळतं, आणि तो खर्च किमतीत आधीच धरलेला असतो. स्कोप दुरुस्तीला गेला की रायफल आठवडे-महिने पडून राहते, सरावाला दिलेली काडतुसं परत येत नाहीत, आणि स्पर्धेच्या दिवशी हललेला झीरो कोणतीही वॉरंटी भरून देत नाही. तरीही वॉरंटीला किंमत आहे, खास करून दोन तुल्यबळ स्कोपमध्ये निवड अडली असेल तेव्हा. त्या वेळी पुढच्या प्रश्नांची उत्तरं छापील मजकुरात शोधा.

‘आजीवन’ म्हणजे कोणाचं आयुष्य? काही ठिकाणी पहिल्या खरेदीदाराचं, काही ठिकाणी वस्तूचं, आणि वस्तूचं आयुष्य किती हे कंपनीच ठरवते. वॉरंटी फक्त निर्मितीतल्या दोषांपुरती की पडून फुटलं तरी लागू? पावती किंवा नोंदणी लागते का? दुसऱ्याला विकला तर सोबत जाते का? इलेक्ट्रॉनिक भागांना वेगळी मुदत आहे का? एअर रायफलवर वापरल्यास ती रद्द होते का? व्हॉर्टेक्स कंपनीची ‘व्हीआयपी’ वॉरंटी या बाबतीत मापदंड म्हणून समोर ठेवता येईल. ती आजीवन आहे, मालक बदलला तरी चालते, पावती किंवा नोंदणी मागत नाही, आणि अपघाती नुकसानही झेलते. हरवणं, चोरी, मुद्दाम केलेली मोडतोड आणि कामावर परिणाम न करणारे ओरखडे तिच्यात बसत नाहीत. दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा कागद या मुद्द्यांशी ताडून पाहा, फरक लगेच दिसेल.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: दुरुस्ती कुठे होते? कंपनी ज्या देशात आहे तिथली सेवा आणि तुमच्याकडे मिळणारी सेवा एकसारखी असेल असं नाही. बऱ्याच ठिकाणी ती अधिकृत वितरकामार्फत चालते, आणि त्याच्याकडून घेतलेल्या मालालाच तो हात लावतो. स्कोप सीमेपलीकडे पाठवायचा तर जाण्यायेण्याचा खर्च, जकात, शिवाय काही देशांत रायफल स्कोपच्या निर्यातीवर असलेली बंधनं हे सगळं आडवं येतं. परदेशातून स्वतः मागवलेला किंवा अधिकृत साखळीबाहेरून आलेला स्कोप स्वस्त पडतो, कारण ही जबाबदारी कोणी घेतलेली नसते. माझा सल्ला असा की, जवळच्या सेवा केंद्राची 5 वर्षांची वॉरंटी महासागरापलीकडच्या आजीवन वॉरंटीपेक्षा अधिक मोलाची धरा.

नकली मालाबद्दलही सावध राहा. ल्यूपोल्डच्या मार्क 4 मालिकेच्या चिनी नकला इतक्या पसरल्या की कंपनीला ग्राहकांना जाहीर इशारा द्यावा लागला. नेहमीच्या किमतीच्या निम्म्याने ‘अगदी नवीन’ नामांकित स्कोप मिळत असेल, तर आधी अनुक्रमांक मागा आणि कंपनीकडून तपासून घ्या. नकलीला वॉरंटी नसतेच, आणि तिचा झीरोही टिकत नाही.

पायरी 7: बजेटची फोड करा

एकूण रक्कम ठरली की ती सगळी स्कोपवर लावू नका. साधारण पाचवा हिस्सा माउंट किंवा रिंगा, टॉर्क (स्क्रू आवळायचा जोर) मोजणारा स्क्रूड्रायव्हर आणि झीरोसाठीची काडतुसं यांसाठी बाजूला ठेवा. स्वस्त रिंगांत बसवलेला महाग स्कोप डगमगतो आणि दोष स्कोपवर जातो. ‘झीरो राहत नाही’ अशा तक्रारींत आधी स्क्रू आणि रिंगा तपासाव्यात, पुष्कळदा गोष्ट तिथेच मिटते.

रिंगा घेण्याआधी रायफलवरची पट्टी ओळखा. एअर रायफल आणि पॉइंट 22 वर बहुधा 11 मिलिमीटरच्या आसपासची डव्हटेल खाच असते, इतरत्र पिकॅटिनी किंवा वीव्हर, म्हणजे आडव्या खाचांची पट्टी. पिकॅटिनीसाठीचा माउंट वीव्हरवर नेहमी बसतोच असं नाही, कारण पिकॅटिनी पट्टीच्या खाचा वीव्हरपेक्षा रुंद असतात. रिंगांची उंची अशी निवडा की पुढचं भिंग रायफलच्या नळीला न टेकता जितकं खाली जाईल तितकं जावं. स्कोपच्या नळीचा व्यास आणि रिंगेचा व्यास एकच हवा, 1 इंचाच्या नळीला 30 मिलिमीटरची रिंग आवळून चालवू नये.

स्कोपची रक्कम कमी पडत असेल तर वगळायच्या गोष्टींचा माझा क्रम असा: आधी उजळणारं रेटिकल, मग मोठं भिंग, मग झूमचं गुणोत्तर, मग पहिलं प्रतल. यंत्रणेवर आणि रिंगांवर काट मारू नका. एका नामांकित कंपनीची सर्वांत स्वस्त मालिका आणि कमी ऐकिवातल्या कंपनीची मधली मालिका एकाच किमतीला मिळत असतील, तर नावाकडे न पाहता दोन्हींचा टरेट फिरवून पाहा. अनेक ब्रँड आपल्या वेगवेगळ्या मालिका वेगवेगळ्या देशांतल्या कंत्राटी कारखान्यांत बनवून घेतात, त्यामुळे एकाच नावाखाली दर्जात मोठं अंतर असतं.

जुना स्कोप हाही चांगला मार्ग आहे, वॉरंटी नव्या मालकाला लागू होत असेल तर विशेष. नळीवर रिंगांचे पुसट व्रण असले तर हरकत नाही, दाबल्याचा खड्डा असेल तर सोडून द्या. टॉर्चचा उजेड पुढून तिरपा टाकून आत बुरशीचे धागे, धुरकट थर किंवा सुटे कण दिसतात का पाहा. स्कोप थंड जागेतून उबेत आणल्यावर आतून धुकं धरत असेल, तर धुकं धरू नये म्हणून आत भरलेला नायट्रोजन किंवा आर्गॉन वायू निघून गेलेला आहे.

पायरी 8: बसवणं, झीरो आणि परत करण्याच्या मुदतीतली परीक्षा

काम सुरू करण्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. स्कोपचा उपयोग इकडे-तिकडे पाहायला कधीही करू नका, कारण जिकडे स्कोप तिकडे रायफलची नळी.

आधी मागचं भिंग आपल्या डोळ्याला जुळवा: कोऱ्या भिंतीकडे किंवा सूर्यापासून दूरच्या आकाशाकडे क्षणभर पाहा, काटा पहिल्या नजरेतच ठळक दिसेपर्यंत फिरवा. फार वेळ पाहिलंत तर डोळा स्वतः जुळवून घेतो आणि जुळवणी चुकते. मग डोळे मिटून नेहमीसारखा गाल टेकवा, डोळे उघडा, चित्र पूर्ण दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे सरकवा. उभा काटा ओळंब्याच्या दोरीशी जुळवा. वाकडा बसला तर जवळ कळत नाही, लांबवर गोळी बाजूला जाते. रिंगांचे स्क्रू आलटून-पालटून, निर्मात्याने दिलेल्या टॉर्कपर्यंतच आवळा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना तो बहुधा 1.7 ते 2 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. जास्त आवळल्याने पक्कं होत नाही, आतली यंत्रणा चेपते.

झीरोसाठी 25 मीटरपासून सुरुवात करा, म्हणजे कागद चुकणार नाही. तिथे 0.1 मिलची क्लिक फक्त 2.5 मिलिमीटर सरकवते, हे लक्षात ठेवा. एका गोळीवरून दुरुस्ती करू नका, 3 ते 5 गोळ्यांचा ग्रुप घ्या आणि त्याच्या मध्यावरून मोजा. मग खऱ्या अंतरावर जा.

यानंतर यंत्रणेची परीक्षा, जी बहुतेक जण करतच नाहीत. 100 मीटरवर उंच कागद लावा, ओळंब्याने उभी रेषा मारा, खाली नेमाचा बिंदू काढा आणि त्यावर एक ग्रुप घ्या. टरेट 5 मिल वर फिरवा आणि त्याच बिंदूवर नेम धरून दुसरा ग्रुप घ्या. दोन्हींच्या मध्यांत 50 सेंटिमीटर अंतर हवं, आणि दुसरा ग्रुप रेषेवरच हवा. अंतर 48.5 भरलं तर टरेट 3 टक्के कमी सरकतो. 600 मीटरवर 5 मिलची दुरुस्ती लागत असेल तर तेवढ्यानेच गोळी 9 सेंटिमीटर खाली लागेल. शेवटी टरेट परत झीरोवर आणून तिसरा ग्रुप घ्या, तो पहिल्यावरच पडला पाहिजे. पहिल्या दोन ग्रुपमधलं अंतर थोडं चुकलं तर आकडा लिहून ठेवून काम भागवता येतं. तिसरा ग्रुप भलतीकडे गेला, आणि रिंगा, स्क्रू, रायफल सगळं तपासूनही तसाच जात राहिला, तर स्कोप परत करा.

ही परीक्षा दुकानाच्या परतीच्या मुदतीत बसेल अशाच वेळी खरेदी करा. रेंजची वेळ, काडतुसं आणि रिंगा आधी हातात असू द्या, मग स्कोप मागवा. खोकं, पावती आणि अनुक्रमांकाचा फोटो जपून ठेवा, वॉरंटी मागत नसली तरी विकताना आणि चोरीची तक्रार देताना ते लागतात. पहिल्या काही डझन गोळ्यांनंतर रिंगांचे आणि पट्टीचे स्क्रू पुन्हा टॉर्कने तपासा, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा, म्हणजे पुढे कोणता हलला तर नुसत्या नजरेने कळेल.